चाकाखालची बातमी

माझ्या खुर्चीचं एक चाक निखळलं, तेव्हा मी एका किराणा दुकानदाराच्या ताळेबंदातले तीन रुपये शोधत होतो. तीन लाखांचा फरक असला की चूक ढळढळीत असते, चहा येईपर्यंत सापडते. तीन रुपयांचा फरक मात्र माणसाला वेडा करतो. दोन्ही बाजूंच्या बेरजा चौथ्यांदा करून झाल्यावर मी पेन ठेवलं, ‘गेले कुठे हे तीन रुपये’ म्हणत मागे रेललो आणि छताकडे पाहिलं. खुर्ची डाव्या अंगाला मागे टेकली. पडली नाही, टेकली. म्हैस चिखलात बसते तशी. घाई नाही, आवाज नाही आणि पुन्हा उठायचा विचारही नाही.

चाक घरंगळत कपाटाशी जाऊन थांबलं. वीस वर्षं माझा भार वाहिल्यावर त्याला मिळालेली ती पहिली मोकळीक, म्हणून मीही लगेच उचललं नाही.

कोरेगावच्या बाजारपेठेत माझी एका खोलीची कचेरी आहे. जमाखर्च, विवरणपत्रं, कुणाचं कर्जप्रकरण, कुणाचा सातबारा नुसता वाचून दाखवणं, असं सगळं तिथे चालतं. माझ्या आधी वडील तिथे बसत, आधी गादीवर उतरतं मेज पुढ्यात घेऊन आणि नंतर एका सागवानी खुर्चीत. त्या खुर्चीला चाकं नव्हती. ती हलवायची तर दोन माणसं आणि एक कारण लागे. फिरती खुर्ची मी आणली तेव्हा वडील दारात उभे राहून तिच्याकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “खुर्ची हलायला लागली की हिशेबही हलतो.” ताळेबंदातले तीन रुपये हरवल्यावर मला त्यांची आठवण झाली नसती तरच नवल.

चाक हातात घेतल्यावर पहिली अडचण आली ती नावाची. बैलगाडीच्या चाकाला आपल्या भाषेने किती नावं दिली आहेत! मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, त्यांच्यावर बसणारे पाटे, बाहेरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. वंगण ठेवायच्या नळ्यालासुद्धा गाडीखाली लटकायची हक्काची जागा होती. खुर्चीच्या या चाकाला मात्र सुतार ‘कॅस्टर’ म्हणतो, हार्डवेअरवाला ‘कास्टर’ म्हणतो आणि बाकी सगळा तालुका ‘ते खालचं’ म्हणतो. ज्याच्यावर आपण दिवसाचे आठ तास बसतो, त्याचं नाव माहीत नसावं ही गोष्ट माणसाच्या स्वभावाला धरून आहे. डोक्यावर कोण बसलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

हार्डवेअरच्या दुकानातल्या पोराने चाक उलटंपालटं केलं. “एक नाही मिळत, काका. पाचाचा संच घ्यावा लागतो. अन् ह्याची खुंटी जुन्या मापाची दिसतीया. त्यापरीस खुर्चीच नवी घ्या की.”

“चार चाकं ठणठणीत आहेत रे.”

“मग चारच राहू द्या,” तो म्हणाला. दुकानात गर्दी होती.

चारांवर का भागत नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. पूर्वीच्या फिरत्या खुर्च्यांना खाली चारच पाय असत. चार पायांच्या टोकांना दोऱ्याने जोडलं तर चौकोन होतो, आणि चौकोनाची बाजू मधल्या दांड्याच्या बरीच जवळ येते. माणूस त्या बाजूला रेलला आणि त्याचा भार त्या रेषेच्या पलीकडे गेला की उताणा. पाचवा पाय आला आणि बाजू दांड्यापासून लांब सरकली. म्हणजे पाचवं चाक हे हिशेबनीसाने छताकडे बघावं म्हणूनच दिलेलं असतं. माझं निखळलं तेही नेमकं त्याच कामावर असताना. कर्तव्य बजावताना कामी आलं म्हणायचं.

चाकांची खुर्ची हे आळशांचं वाहन आहे, असं आमच्या घरात मत आहे. मी त्यावर चार्ल्स डार्विनचा दाखला देतो. डार्विनने आपल्या अभ्यासिकेतल्या खुर्चीला चाकं लावून घेतली होती, एका नमुन्यापासून दुसऱ्या नमुन्यापर्यंत न उठता जाता यावं म्हणून. सजीवांची एवढी उत्क्रांती शोधून काढलेला माणूससुद्धा बसल्या जागेवरून सरकायची सोय बघतोच. पत्नी म्हणते, “अहो, त्यांनी पुस्तक तरी लिहिलं.”

आमच्या मुलखाला खुर्चीचं काही वावडं नाही. इथून दोन पावलांवर सातारारोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं तयार झाली. विहिरीवर धुकधुकणारं कूपर इंजिन ऐकत झोपलेली एक पिढी इथे अजून आहे. तेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले आणि साडेतीन महिन्यांत ती खुर्ची त्यांच्या खालून सरकली. याच रुळांवर पुढे, आता सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर वसवलेली. तिथे नांगर झाले, पंप झाले आणि लोखंडी फर्निचरही झालं. नांगर करणाऱ्या माणसांनी खुर्च्या कराव्यात, यात मला एक न्याय दिसतो. नांगराला चाक नसतं म्हणून तो खोल जातो, खुर्चीला चाक असतं म्हणून ती खोल जात नाही.

शेवटी लेकीच्या सांगण्यावरून पाच चाकं ऑनलाइन मागवली. फोनवर रोज त्यांचा प्रवास कळायचा. चाकांना चाकं लागली होती. तिसऱ्या दिवशी ‘कोरेगावात पोचली’ असा निरोप आला. मी दारात उभा. कुणी आलं नाही. संध्याकाळी एका पोराचा फोन. “सर, मी कोरेगाव पार्कात उभा आहे, तुमची बिल्डिंग कुठली?” मी म्हटलं, “बाबा, इथे पार्क नाही, बाजारतळ आहे.” पार्सल परत फिरलं आणि चार दिवसांनी पुन्हा ‘कोरेगावात पोचली’ असा निरोप आला. या वेळी ते वाळवा तालुक्यातलं कोरेगाव निघालं. महाराष्ट्रात कोरेगावं कितीतरी आहेत आणि माझी पाच चाकं ती सगळी बघून येणार, अशी चिन्हं होती. मी मागणी रद्द केली. इतकी फिरलेली चाकं आल्यावर एका खोलीत रमली नसती.

चाकं फिरत होती तेवढे दिवस मी स्टुलावर होतो. स्टुलावर बसलेला माणूस हिशेब करत नाही, पेपर वाचतो. रद्दीच्या गठ्ठ्यातून एक जुनी पुरवणी निघाली आणि तिच्यात एक बातमी मिळाली. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, वाळवंटाच्या कडेला लँकेस्टर नावाचं शहर आहे. जपानात फुकुशिमा प्रांतात समुद्रकाठी नामिए नावाचं छोटं गाव आहे. कोरोनाच्या काळात, कुणाला शेजारच्या गल्लीत जायची परवानगी नव्हती तेव्हा, या दोघांनी भगिनी-शहरं व्हायचं ठरवलं. कारण काय, तर हायड्रोजन. दोघांनाही हायड्रोजनवर चालायचं आहे, तर बरोबर चालू.

शहरांनी बहिणी व्हायची ही रीत मला पूर्वीपासून गमतीची वाटते. मुंबईचं जर्मनीतल्या श्टुटगार्टशी १९६८ पासून भगिनीपण आहे. पुण्याचं ब्रेमेनशी १९८०पासून मैत्र आहे. आमच्याकडे दोन गावांचं नातं म्हणजे सोयरीक. कोरेगावच्या मुली रहिमतपुरात दिल्या, वाठारच्या मुली इकडे आल्या. त्यासाठी करारावर कुणी सह्या केल्या नाहीत. मानपान झाले, रुसवे झाले आणि ती नाती दीडशे वर्षं टिकली. लँकेस्टर-नामिएच्या लग्नात रुसवा कोण धरणार, हे बातमीत नव्हतं.

पण नामिएची हकिकत वाचली आणि थट्टा जरा आवरती घेतली. २०११च्या मार्चमध्ये भूकंप, लाट आणि पाठोपाठ अणुभट्टीचा अपघात. वीसएक हजार वस्तीचं गाव एका हाकेसरशी रिकामं झालं. सहा वर्षांनी, २०१७ साली, गावाचा काही भाग पुन्हा राहायला मोकळा झाला. ज्या जागेवर कधीकाळी आणखी एक अणुवीज केंद्र व्हायचं होतं, तिथे २०२० साली सूर्याच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढणारं १० मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं. टोकियो ऑलिम्पिकची ज्योत त्या हायड्रोजनवर जळली. घरं सोडून गेलेल्या माणसांच्या गावाने साऱ्या जगाला दिसणारा दिवा लावला. तो बघायला किती गावकरी घरी परतले होते, कोण जाणे. स्टुलाला पाठ नसते, नाहीतर मी तेव्हाही मागे रेललो असतो.

माझी लेक पुण्यात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला फोन लावला. “हायड्रोजनचं नेमकं प्रकरण काय आहे गं?”

“आबा, तुम्ही हिशेबनीस आहात, तुम्हाला हिशेबानेच सांगते,” ती म्हणाली.

तिने सांगितलेला हिशेब असा. एक किलो हायड्रोजन पाण्यातून वेगळा करायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोत साठते ती ३३ युनिटांच्या आसपास. ती पुन्हा विजेत आणायला गेलं तर हातात निम्मी राहते, सोळा-सतरा. मी कपाळाला हात लावला. पन्नास रुपये ठेवायचे, पासबुकात तेहतीस दिसायचे आणि काढायला गेलं की सतरा मिळायचे. अशा पतसंस्थेत आमच्या तालुक्यातला कुणी दुसऱ्यांदा पाऊल टाकणार नाही.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “म्हणून जिथे तार नेता येते तिथे विजेवरच चालवायचं. तार जिथे पोचत नाही तिथे हायड्रोजन. पोलाद करायचं, खत करायचं, लांब पल्ल्याची अवजड वाहनं चालवायची. कोळशाशिवाय लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला कुणीतरी हवा ना?”

“आणि पाणी?”

“किलोला नऊ लिटर.”

नऊ लिटर ऐकून मी सावध झालो. आमचा तालुका पर्जन्यछायेचा. पाऊस सह्याद्रीवर दोन्ही हातांनी खर्च करून आमच्याकडे येईपर्यंत त्याच्या खिशात चिल्लर उरते. २०१६ साली गावांनी पाणी अडवण्याची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता, आणि पहिला आला तो आमच्याच तालुक्यातला वेळू. पंचेचाळीस दिवस आख्खं गाव कुदळी-फावडी घेऊन डोंगराच्या अंगावर होतं. पाण्याचा लिटर म्हणजे काय ते वेळूच्या माणसाला विचारावं. त्याला तो घमेल्यात मोजता येतो.

“पण आबा, हायड्रोजन जळला की पुन्हा पाणीच होतं. नऊ घेतो, नऊ परत देतो.”

हे मात्र मला आवडलं. उसनं घेऊन तेवढंच परत करणारा वायू मी प्रथमच ऐकत होतो. मग लक्षात आलं की परत करतो खरा, पण दुसऱ्याच गावाला. वेळूत घेतलेलं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर एखाद्या ट्रकच्या नळीतून थेंब थेंब सुटणार. शिवाय पाणी शुद्ध करण्यात आणि यंत्रं थंड ठेवण्यात जातं, ते या नवात धरलेलंच नाही. उसनं खातं चोख, जमा मात्र परक्या नावावर. असे ताळेबंद मी बरेच पाहिले आहेत.

हायड्रोजनच्या बातम्या एकदा दिसायला लागल्या की जिथे तिथे दिसतात. केंद्र सरकारने २०२३च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. तिला १९,७४४ कोटी रुपये आणि २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने आपलं धोरण आणलं, ८,५६२ कोटींचं. त्याआधी २०२२च्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशी बनावटीची हायड्रोजन बस दाखवली गेली. त्या मार्चमध्ये नितीन गडकरी हायड्रोजनच्या मोटारीतून संसदेत गेले होते. मोटारीचं नाव मिराई, जपानीत त्याचा अर्थ ‘भविष्य’. आमच्या स्टेशनावरून गाडी मिरजेला जाते. मिराईला जाणारी बहुतेक मागून येत असावी.

ही धोरणं, मोहिमा, भगिनीपणं वाचताना मला राहून राहून जुनं सातारारोड स्टेशन आठवत राहिलं. रेल्वेने एक प्रामाणिक शब्द शोधून काढला आहे, ‘रोड’. ज्या गावाला रूळ जात नाहीत, त्याच्या वाटेवर एक स्टेशन बांधायचं आणि गावाच्या नावापुढे रोड लिहायचं. म्हणजे हे सातारा नव्हे, पण इथे उतरलात तर साताऱ्याचा रस्ता मिळेल. नवखा माणूस फसायचा. पाटीवर सातारा वाचून उतरायचा आणि चौकशी करायचा, राजवाडा कुठे? लोक पाडळीची घरं दाखवायचे. पूर्वी महाबळेश्वरला जाणारे साहेब वाठार स्टेशनवर उतरायचे आणि पुढचा डोंगर टांग्याने चढायचे. पण तिथे उतरल्याशिवाय महाबळेश्वर दिसत नव्हतं, हेही खरं. आज हायड्रोजनच्या ज्या ज्या पाट्या लागल्या आहेत, त्या सगळ्या ‘हायड्रोजनरोड’च्या आहेत. फक्त शेवटची दोन अक्षरं लिहायची राहून गेली आहेत. ती लिहिली असती तर कुणाची फसगत झाली नसती आणि टांगेवाल्यांचीही सोय झाली असती.

ब्रेमेनच्या पोलाद कारखान्याने कोळशाऐवजी हायड्रोजनकडे वळायची मोठी योजना आखली होती. २०२५ साली कंपनीने ती पुढे न नेण्याचं जाहीर केलं, गणित बसत नाही म्हणून. आपल्या पुण्याच्या मैत्रिणीलाही टांगा मिळालेला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. पन्नास, तेहतीस, सतरा.

इकडे माझी कंबर स्टुलावर दुखायला लागली. शेवटी खुर्ची पालथी करून रिक्षात घातली आणि गावाबाहेरच्या लेथवाल्या मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, उसाच्या घाण्याची बुशं करणारे. खुर्ची बघून त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही, पण भुवई वर केली. पेशंट लहान असला तरी दवाखाना एकच, असं काहीसं तोंडावर होतं.

“चाक गेलं न्हाई, सायेब,” ते म्हणाले. “खुंटी झिजलीया. पितळंचं बुश घालतो. आन् ही बाकीची बगा.”

त्यांनी दुसरं चाक उपसलं आणि चिमट्याने आतला ऐवज काढायला सुरुवात केली. केस, वह्या शिवायचा दोरा, टाचण्या, लग्नपत्रिकेच्या कडेचा सोनेरी धागा, रबरबँडाचे तुकडे. माझ्या व्यवसायाची वीस वर्षं सुती आणि पोलादी अशा दोन भागांत त्यांनी फरशीवर मांडून ठेवली. एवढा गुंडाळा घेऊन ती चाकं फिरत कसली, फरफटत होती. मला वाटत होतं, खुर्ची स्थिर आहे.

मग मिस्त्रींनी एक गोष्ट दाखवली, आणि तिच्यासाठी रिक्षाचं भाडं वसूल झालं. चाक बोटात धरून म्हणाले, “ही उभी खुंटी. आन् हा चाकाचा आस. बगा, आस खुंटीच्या बराबर खाली न्हाई. वाईच मागं हाय.”

खरंच होता. बोटभर मागे.

“हे असं का?”

“मागं हाय म्हणून ते वळतंय. तुमी खुर्ची कुठंबी ढकला, चाक फिरून मागं जाऊन उभं ऱ्हातंय आन् त्याच वाटंनं येतंय. बराबर खाली बसवलं, तर त्याला पुढं कुठलं आन् मागं कुठलं ते कळायचं न्हाई. अडून बसंल.”

मी ते चाक हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसलो. ज्याला कुठेही न्यायचं आहे, त्याच्या बरोबर खाली कुणी उभं राहून चालत नाही. जरा मागे सरून उभं राहावं लागतं. लग्नात नवरदेवामागे उभा राहणारा मामा तसाच असतो. वेळूच्या डोंगरावर घमेल्यांच्या रांगेत शेवटी उभी असणारी बाई तशीच असते. छायाचित्र पुढच्याचं निघतं, पण रांग शेवटच्या माणसाच्या तालावर चालते. नामिएच्या आणि लँकेस्टरच्या सह्यांच्या खालीही कुणीतरी नळ्या तपासणारा, व्हॉल्व्ह घट्ट करणारा, रात्रपाळीचा माणूस बोटभर मागे उभा असेल. तो तिथे असला तर करार वळणं घेईल. नसला तर अडून बसेल, मग सह्या कितीही ठळक असोत.

हे सगळं मोठ्या उत्साहाने मी रात्री लेकीला फोनवर सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “चाक कशाचं आहे, आबा?”

“नायलॉनचं असावं.”

“मग तुम्ही वीस वर्षं हायड्रोजनवरच बसलाय. साध्या नायलॉनच्या एका कडीत १९ अणू असतात. त्यातले ११ हायड्रोजनचे.”

मी खुर्चीकडे वळून पाहिलं. म्हणजे बहुमत हायड्रोजनचं! ती सांगत होती की विश्वात सगळ्यात जास्त आहे तो हाच, पण पृथ्वीवर मोकळा म्हणून क्वचितच सापडतो. पाण्यात ऑक्सिजनला धरून राहतो, तेलात कार्बनला धरून राहतो, तुपात, साखरेत, घेवड्याच्या दाण्यात, कुणाचा ना कुणाचा हात धरलेलाच असतो. त्याला एकटा काढायचा म्हणजे ती पन्नास युनिटं. सगळा खर्च सोयरीक मोडायचा आहे. मोकळा झाला की जो पहिला ऑक्सिजन भेटेल त्याच्याशी पुन्हा लग्न लावून पाणी होतो. अशा वायूसाठी दोन शहरांनी बहिणी व्हावं, हे मला आता तितकंसं विचित्र वाटेना. ज्याला एकटं राहताच येत नाही, त्याच्या कामाला एकटं शहर कसं पुरणार?

“आणि खुर्ची वरखाली होते त्या नळकांड्यात?” मी आशेने विचारलं.

“तिथे नायट्रोजन असतो. साधा, हवेतला.”

जाऊ दे. सगळीच पदं एकाच घरात नसावीत.

दुसऱ्या दिवशी खुर्ची कचेरीत आली. पितळी बुश, पाचही चाकं धुऊनपुसून, ग्रीस घातलेली. मी बसलो, समाधानाने पाय वर घेतले आणि खुर्ची निघाली. कुणी ढकललं नाही. टेबलापासून सुटून ती सावकाश, शहाबादी फरशीच्या सांध्यांवर टकटक करत दाराकडे चालली. नेमका त्याच वेळी उंबऱ्यात एक शेतकरी पक्षकार येऊन उभा राहिला. मी बसल्या बसल्या त्याच्या पुढ्यात जाऊन थांबलो. तो पुरता ओशाळला. “अहो, कशाला तसदी घेताय? मी येतच होतो की आत!”

कोडं संध्याकाळी उलगडलं. खोलीच्या फरशीला दाराकडे उतार आहे. दिवाळीत धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून वडिलांच्या वेळच्या गवंड्याने दिलेला. खुर्ची नवी होती तेव्हा खाली सतरंजी होती. सतरंजी विरून गेली तोवर चाकांत दोरे भरले होते. म्हणजे इतकी वर्षं मी जिला स्थैर्य समजत होतो, ती केवळ अडगळ होती. अडगळ निघाली आणि उतार कळला. वडिलांची सागवानी खुर्ची इतकी जड का होती, तेही त्याबरोबर कळलं.

बैलगाडी उतारावर उभी करायची तर चाकाखाली दगड लावतात. कचेरीत दगड नव्हता. हाताला लागली ती पुरवणी घेतली, तिच्या आठ घड्या केल्या आणि पुढच्या चाकाखाली सरकवली. खुर्ची थांबली. वाकून पाहिलं तर घडीच्या वर नेमकी लँकेस्टर आणि नामिएची बातमी आली होती. नायलॉनचं चाक तिच्यावर टेकलेलं. हायड्रोजनने हायड्रोजनला थोपवून धरलं होतं आणि वर मी.

त्या स्थैर्यात तीन रुपयेही सापडले. कार्बन कागदावरच्या पुसट बिलातला पाच मी आठ वाचला होता. दुकानदाराला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, “अजून त्याच तीन रुपयांवर आहात होय?”

घडी रोज थोडी थोडी दबते आहे. परवा पाहिलं तर खुर्ची टेबलापासून बोटभर पुढे सरकली होती. अजून महिनाभराने कागद अगदी पातळ होईल आणि स्वारी पुन्हा दाराकडे निघेल. तेव्हा दुसरा पेपर घालायचा, असं ठरवून ठेवलं आहे. तोवर एखादी नवी बातमी आलेली असेलच.